सदोष वर्तुळ, अचूक कोन

जुन्या थिओडोलाइटचे, म्हणजे मोजणीदाराच्या कोन मोजणाऱ्या दुर्बीण-यंत्राचे, कौतुक बहुधा त्याच्या देखणेपणापासून सुरू होते. पितळेचा तजेला, चांदीच्या पट्टीवरच्या केसाहून बारीक रेघा, बोटाच्या हलक्या स्पर्शाने फिरणारे स्क्रू यांची पाहणाऱ्याला भुरळ पडते आणि त्यात गैर काहीच नाही. माझे स्वतःचे कुतूहल मात्र बराच काळ एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले आहे. ज्या काळात संगणक नव्हता, विद्युत संवेदक नव्हते आणि रेघा शेवटी माणसाच्या हाताने किंवा माणसाने घडवलेल्या यंत्राने ओढायच्या होत्या, त्या काळात कोनाच्या एका सेकंदापर्यंत भरवशाने पोहोचता आले ते कसे? वाचत गेलो, जुनी यंत्रे हाताळत गेलो, तसे उत्तर हळूहळू ध्यानात आले. निर्दोष वर्तुळ, म्हणजे कोन वाचण्यासाठी कडेवर रेघा ओढलेली चकती, कोणालाच बनवता आले नाही आणि या विद्येतल्या जाणत्यांनी तसा दावाही केला नाही. त्यांनी मांडणीच अशी केली की वर्तुळातली खोट एक तर आपोआप कटून जावी, नाहीतर उघडी पडून मोजता यावी.

एक सेकंद म्हणजे किती, हे आधी डोळ्यांसमोर आणले पाहिजे. अंशाचे ६० मिनिटे आणि मिनिटाचे ६० सेकंद, असे पूर्ण वर्तुळात १२,९६,००० सेकंद असतात. एक किलोमीटर अंतरावर एका सेकंदाचा कोन जेमतेम ५ मिलिमीटर व्यापतो. यंत्राच्या आत पाहिले तर परिस्थिती आणखी बिकट दिसते. ९० मिलिमीटर व्यासाच्या चकतीच्या कडेवर एक सेकंद म्हणजे सुमारे ०.२२ मायक्रॉन, अर्थात दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याहूनही कमी. अशी चकती आसावर बसवताना तिचे केंद्र आसाच्या केंद्रापासून अवघा एक मायक्रॉन सरकले, तरी एका बाजूच्या वाचनात साडेचार सेकंदांपर्यंत चूक येते. कारागीर कितीही कसबी असला तरी नुसत्या हातोटीच्या बळावर हा डोंगर चढणे अशक्य होते.

त्यावरचा पहिला उपाय इतका साधा आहे की तो कळल्यावर हसू येते. केंद्र सरकल्यामुळे चकतीच्या एका बाजूचे वाचन जितके वाढते, तितकेच ते बरोबर समोरच्या बाजूला कमी होते. तेव्हा दोन्ही बाजू वाचाव्यात आणि सरासरी घ्यावी. उत्केंद्रतेची चूक दोन्हींमध्ये विरुद्ध चिन्हाने असल्यामुळे ती उरतच नाही. म्हणूनच जुन्या यंत्रांवर समोरासमोर दोन व्हर्निअर (रेघांमधला बारीक अंश वाचणाऱ्या सरकत्या पट्ट्या) किंवा दोन सूक्ष्मदर्शक दिसतात. दोन वाचनांतला फरक हा स्वतःही उपयोगाचा असतो, कारण चकती फिरवत नेताना तो ज्या रीतीने कमीजास्त होतो त्यावरून केंद्र किती आणि कोणत्या दिशेला सरकले आहे हे सांगता येते.

रेघांचे प्रकरण अधिक अवघड होते. १७२५ मध्ये लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅम या यंत्रकाराने ग्रिनिच वेधशाळेसाठी ८ फूट त्रिज्येचे भिंतीवरचे पादवर्तुळ (पाव वर्तुळाचे कोनमापक) तयार केले, तेव्हा त्याने एकाच कमानीवर दोन मापनपट्ट्या कोरल्या. एक नेहमीची ९० अंशांची आणि दुसरी ९६ भागांची. ९६ हा आकडा विक्षिप्त वाटतो, पण त्यामागे भूमितीतली सोय आहे. त्रिज्येइतकी जीवा घेतली की ६० अंशांची कमान मिळते. काटकोनाचे ९६ भाग मानले तर या कमानीत नेमके ६४ भाग येतात आणि ६४ पर्यंत पोहोचायला कमान फक्त पुन:पुन्हा दुभागावी लागते. दुभागणे हे कंपासने सर्वांत खात्रीने करता येणारे काम आहे. उलट ९० अंशांसाठी तीन आणि पाच भाग करावे लागतात, आणि तिथेच हात चुकतो. वेध घेणाऱ्याने दोन्ही पट्ट्या वाचायच्या, कोष्टकावरून एकीचे दुसरीत रूपांतर करायचे आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहायचे. निर्मात्याने स्वतःच्या कामावर यंत्रातच पहारेकरी बसवला, हे मला त्या पादवर्तुळाच्या आकारमानापेक्षा कितीतरी मोठे वाटते.

जेसी रॅम्सडेन या इंग्लिश यंत्रकाराने हे काम हातातून काढून यंत्राकडे दिले. १७७५ साली पूर्ण झालेल्या त्याच्या विभाजन यंत्रात ४५ इंच व्यासाचे चाक होते, त्याच्या कडेला २,१६० दाते होते आणि त्यांत अडकवलेला स्क्रू एक फेरा फिरला की चाक बरोबर १० मिनिटांनी सरकत असे. सेक्स्टंटची (जहाजावरच्या कोनमापकाची) कमान या चाकावर ठेवायची आणि रेघ ओढायची. पूर्वी ज्या कामाला दिवस लागत ते आता अर्ध्या-पाऊण तासावर आले. इंग्लंडच्या रेखांश मंडळाने त्याला पैसे दिले, पण त्याने रचना प्रसिद्ध करावी आणि इतर कारागिरांना ती शिकवावी अशी अट घातली. १७७७ मध्ये ते वर्णन छापून आले. याच रॅम्सडेनने पुढे जनरल विल्यम रॉयसाठी ३ फूट चकतीचा, सुमारे ९० किलो वजनाचा थिओडोलाइट बनवला. ग्रिनिच आणि पॅरिस येथील वेधशाळा त्रिकोणांच्या साखळीने जोडण्याच्या कामावर तो १७८७ मध्ये रुजू झाला, पण तो हाती पडायला इतका उशीर झाला की रॉयने जाहीरपणे संताप व्यक्त केला. उत्तम यंत्र बनवणारे कारागीर वेळ पाळत नाहीत ही तक्रार फार जुनी आहे.

माझ्या मते या कहाणीतला सर्वांत बुद्धिमान माणूस मात्र लंडनचा यंत्रकार एडवर्ड ट्राउटन. त्याने १८०९ मध्ये मांडलेल्या पद्धतीला रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले. आपण वर्तुळ अचूक विभागू शकत नाही, हे मान्य करूनच तो कामाला सुरुवात करतो. चकतीच्या कडेवरून एक छोटा रूळ फिरवून तो आधी २५६ ठिपके मारतो. ते जवळपास योग्य जागी असतात, तंतोतंत नसतात. मग दोन सूक्ष्मदर्शक समोरासमोर लावून तो अर्ध्या वर्तुळाची दुसऱ्या अर्ध्याशी, पावाची पावाशी अशी तुलना करत जातो आणि प्रत्येक ठिपका किती चुकला आहे याचे कोष्टक बनवतो. खऱ्या रेघा ओढण्याची पाळी येते तेव्हा त्या ठिपक्यांवरून, पण कोष्टकातली दुरुस्ती करून ओढल्या जातात. यात कोणत्याही बाहेरच्या प्रमाणाची गरज पडत नाही. लांबी मोजायची तर कुठेतरी जपून ठेवलेली प्रमाण पट्टी लागते. वर्तुळाचे तसे नाही, कारण ते फिरून पुन्हा स्वतःपाशीच येते आणि सर्व भागांची बेरीज ३६० अंश असणे त्याला भागच असते. जाता जाता नमूद करण्यासारखी गोष्ट म्हणजे केवळ डोळ्यांनी पाहून विभाजन करण्याची ही पद्धत काढणारा ट्राउटन रंगांध होता.

चूक मोजून लिहून ठेवणे आणि ती दडवणे यांतला फरक फ्रान्सच्या मीटर-मोजणीत, म्हणजे मीटरची लांबी ठरवण्यासाठी पृथ्वीच्या मोजणीत, दिसतो. बोर्दाचे आवर्ती वर्तुळ घेऊन दलाँब्र आणि मेशँ हे दोन फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७९२ मध्ये डंकर्क ते बार्सिलोना ही रेखावृत्ताची कमान मोजायला निघाले. हे यंत्र मोठे चतुर होते. त्यात दोन दुर्बिणी असत आणि त्या आळीपाळीने फिरवून एकच कोन चकतीवर एकापुढे एक साठवत नेता येई; दहा-वीस वेळा साठवलेला कोन शेवटी एकदाच वाचायचा आणि आवर्तनांच्या संख्येने भागायचे, म्हणजे रेघांमधली चूकही तितक्याच पटीने लहान होते. लहानशा चकतीने मोठ्या चकतीची बरोबरी करावी ती अशी. पण मेशँला बार्सिलोनात एक विचित्र अनुभव आला. माँटज्यूइक किल्ल्यावरून काढलेले अक्षांश आणि शहरातल्या एका खाणावळीवरून काढलेले अक्षांश, दोन्ही जागांमधले अंतर हिशेबात घेऊनही, एकमेकांशी ३ सेकंदांहून अधिकने जुळेनात. ३ सेकंद अक्षांश म्हणजे जमिनीवर जवळजवळ १०० मीटर. एवढी आवर्तने करूनही ही तफावत उरावी याचा त्याने इतका धसका घेतला की ती गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही. १८०४ मध्ये तो मरण पावला आणि त्याच्या वह्या हाती आल्यावर दलाँब्रला सारे कळले.

या प्रसंगाकडे बरेच जण एका हळव्या शास्त्रज्ञाची शोकांतिका म्हणून पाहतात. मला त्यातला यंत्राचा धडा अधिक मोलाचा वाटतो. आवर्तनाने रेघांची चूक आटते, वाचणाऱ्याच्या डोळ्याची चूक आटते, पण जी चूक दर खेपेला एकाच दिशेने येते ती लाख वेळा मोजूनही तेवढीच राहते. आस किंचित कललेला असणे किंवा हवेतून येताना प्रकाश वाकणे या त्या जातीच्या चुका आहेत. पुढे १८२८ मध्ये निकोले या खगोलशास्त्रज्ञाने मेशँचीच निरीक्षणे घेऊन शिरोबिंदूच्या उत्तरेकडून जाणारे तारे आणि दक्षिणेकडून जाणारे तारे वेगवेगळे मांडले, दोन्हींची समतोल सरासरी काढली आणि ती तफावत जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे औषध त्या वह्यांतच होते. निरीक्षणे समोरासमोर मांडण्याचे तेवढे राहिले होते.

मोठ्या चकतीचे धोकेही याच काळातले आहेत. भारताची मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्टनचा ३६ इंची थिओडोलाइट १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळला आणि त्याची चकती वाकली. लॅम्टनने सुमारे सहा आठवडे तंबूत बसून पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ती ओढून ओढून जवळपास मूळ आकारात आणली. एवढी मार खाल्लेली चकतीही पुढे कामाला आली याचे कारण तिच्यावरचा प्रत्येक कोन अनेक जागांवरून वाचला जात असे.

विसाव्या शतकात हाइनरिख वाइल्ड या स्विस यंत्रकाराने हीच तत्त्वे कवेत मावतील इतकी लहान केली. स्वित्झर्लंडच्या सर्वेक्षण खात्यात काम केलेला हा माणूस १९०८ मध्ये येना येथील झाइस या भिंग-दुर्बिणींच्या कंपनीत गेला, १९२१ मध्ये त्याने हेअरब्रुगमध्ये स्वतःची कार्यशाळा उभी केली आणि नंतरच्या काळात आराऊच्या केर्न कंपनीसाठीही यंत्रे आखली. त्याच्या टी-२ थिओडोलाइटची आडवी चकती काचेची आणि सुमारे ९० मिलिमीटर व्यासाची आहे, म्हणजे रॅम्सडेनच्या चकतीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. वजन पाच-सहा किलो आणि वर घुमटाच्या आकाराचे धातूचे झाकण. थिओडोलाइट असावा तर असा, हे माझे मत आजवर बदललेले नाही.

त्याचे वाचन कसे होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. दुर्बिणीशेजारच्या बारीक नळीला डोळा लावला की एका लहान चौकटीत रेघांच्या दोन रांगा दिसतात, वरची सुलटी आणि खालची उलटी, मध्ये फक्त एक केसासारखी फट. वरची रांग चकतीच्या एका कडेची आहे आणि खालची थेट समोरच्या कडेची; लोलकांच्या साखळीने दोन्ही प्रतिमा एकत्र आणल्या आहेत. मायक्रोमीटरची खुंटी फिरवली की आतल्या दोन समांतर काचा विरुद्ध दिशांना कलतात, त्यांतून जाणारा प्रकाश बाजूला सरकतो आणि दोन्ही रांगा एकमेकींच्या विरुद्ध सरकू लागतात. वरच्या आणि खालच्या रेघा तंतोतंत एका ओळीत येतील तिथे थांबायचे. रेघ कुठे आहे हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा दोन रेघा जुळल्या की नाही हे माणसाचा डोळा कितीतरी अधिक बारकाईने ओळखतो आणि वाइल्डने नेमका त्याचाच उपयोग केला. आता समजा वर सुलटा २६५ दिसतो आहे आणि त्याच्या उजवीकडे खालच्या रांगेत उलटा ८५, म्हणजे १८० अंशांनी समोरचा. या दोन आकड्यांच्या रेघांमधली घरे मोजायची. चकतीवर रेघा २० मिनिटांच्या अंतराने असल्या तरी दोन्ही रांगा सरकत असल्यामुळे प्रत्येक घर १० मिनिटांचे धरायचे. चार घरे भरली तर ४० मिनिटे. शेजारच्या मायक्रोमीटरवर ७ मिनिटे २३ सेकंद असतील तर पूर्ण वाचन २६५ अंश ४७ मिनिटे २३ सेकंद. समोरासमोरच्या दोन वाचनांची सरासरी काढण्याचे काम त्या एका जुळणीतच उरकलेले असते, त्यासाठी कागद लागत नाही. पुढच्या काळातल्या टी-२ मध्ये घरे मोजण्याचे काम काढून टाकले आणि आकडे सरळ दिसू लागले. कामाच्या दृष्टीने ते सोयीचे खरेच, पण यंत्र काय करते आहे हे दाखवणारी जुनी चौकट मला अधिक आवडते.

चकतीच्या पलीकडे दुर्बीण आणि तिचे आस यांचेही दोष असतात. ते घालवण्यासाठी प्रत्येक लक्ष्य आधी फेस लेफ्टने पाहतात, मग दुर्बीण उलटवून आणि यंत्र अर्धा फेरा फिरवून फेस राइटने पाहतात. दुर्बिणीची दृष्टिरेषा आडव्या आसाशी काटकोनात नसणे आणि आडवा आस कललेला असणे, या दोन्ही चुका अशा जोडवाचनात कटतात. उभा आस कललेला असेल तर मात्र ती चूक कटत नाही, कारण दुर्बीण उलटवली तरी आस होता तिथेच असतो. लक्ष्य फार उंचावर किंवा फार खाली असेल तेव्हा ही चूक वाढते. म्हणून पाणसळीकडे दुर्लक्ष करून केवळ दोन्ही फेस घेतल्याचे समाधान मानणारा माणूस पाहिला की मला अस्वस्थ व्हायला होते.

कारखान्यात आणि प्रयोगशाळेत वापरले जाणारे ऑटोकोलिमेटर हे याच कुळातले, पण त्याला फिरणारी चकतीच नसते. त्यातून समांतर किरणांची शलाका निघते, समोरच्या आरशावरून परत येते आणि आरसा जितका कलला असेल त्याच्या दुप्पट कोनाने वळून येते. ५०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगात आरशाचा एक सेकंद कल परतलेल्या प्रतिमेला जवळजवळ ५ मायक्रॉन सरकवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली एवढे सरकणे सहज मोजता येते. यंत्राच्या मार्गिकेवरून आरसा टप्प्याटप्प्याने सरकवला की ती मार्गिका किती सरळ आहे तेही यातून निघते.

त्याच्या जोडीला बारा बाजूंचा काचेचा किंवा पोलादाचा बहुभुज ठेवला की ट्राउटनचे तत्त्व अगदी शुद्ध रूपात समोर येते. दोन ऑटोकोलिमेटर साधारण ३० अंशांवर पक्के बसवतात आणि लगतच्या दोन बाजूंकडे रोखतात. त्या दोघांमधला नेमका कोन किती, हे ठाऊक नसते आणि असण्याची गरजही नसते. बहुभुज एकेक बाजू फिरवत प्रत्येक कोन त्या अज्ञात कोनापेक्षा किती कमी किंवा जास्त आहे एवढेच टिपायचे. बारा कोनांची बेरीज ३६० अंशच असली पाहिजे, त्यामुळे बारा फरकांच्या सरासरीतून अज्ञात कोन बाहेर पडतो आणि पाठोपाठ बाराही कोन कळतात. जगातल्या कोणत्याही प्रमाण कोनाशी तुलना न करता हे साधते. मापनशास्त्रात इतके निखळ काही मला दुसरे सापडलेले नाही.

जुना थिओडोलाइट घेताना मी काय पाहतो, असे मला विचारले जाते. बाहेरचा रंग उडाला आहे की नाही याला मी फारसे महत्त्व देत नाही. आधी उभा आस फिरवून पाहतो. जुने वंगण घट्ट होऊन आस अडकत असेल तर जोर लावणे हा त्या यंत्राचा घात आहे. ते जाणकाराकडूनच साफ करून घ्यावे. भिंगांत बुरशीचे जाळे किंवा चिकटवलेल्या भिंगांच्या मध्ये बाल्सम (चिकटवण्याचा पारदर्शक राळेचा थर) सुटल्याचे चट्टे दिसतात का ते उजेडासमोर धरून पाहावे. चांदीच्या पट्टीवरच्या रेघा काळवंडल्या असतील तर त्या पॉलिश लावून घासण्याचा मोह टाळावा, कारण काळेपणाबरोबर रेघाही झिजतात आणि गेलेली रेघ परत येत नाही. काही जुन्या लष्करी उपकरणांच्या आकड्यांना अंधारात दिसावे म्हणून रेडियमयुक्त रंग दिलेला असे. तो खरवडू नये आणि असे उपकरण उघडूही नये.

त्यानंतर एका दूरच्या ठळक लक्ष्यावर दोन्ही फेसची वाचने घेऊन त्यांतला फरक १८० अंशांपासून किती ढळतो ते पाहतो. हा फरक २० सेकंद निघाला तरी मी नाउमेद होत नाही, कारण तो स्थिर असेल तर जोडवाचनात कटणार आहे आणि स्क्रूने कमीही करता येतो. तोच फरक एकदा ३, एकदा १२ आणि एकदा उणे ५ असा भटकत असेल, तर आसात ढिलाई आहे किंवा दुर्बिणीतला एखादा भाग सैल आहे. ते यंत्र कितीही चकचकीत असले तरी मी परत ठेवतो. मायक्रोमीटरचीही परीक्षा घ्यावी लागते. एका जुळणीपासून शेजारच्या जुळणीपर्यंतचे १० मिनिटांचे घर मायक्रोमीटरवर ६०० सेकंद भरले पाहिजे. ते चकतीच्या वेगवेगळ्या जागी सारखेच कमी किंवा जास्त भरत असेल तर भिंगांचे अंतर हलले आहे.

शेवटची चाचणी क्षितिज बंद करण्याची. ऊन कोवळे असताना किंवा आभाळ भरलेले असताना, म्हणजे हवा लक्ष्यासमोर थरथरत नसेल तेव्हा, यंत्र तिपाईवर सावलीत थोडा वेळ निवू द्यावे, चहूबाजूंची पाच-सहा लक्ष्ये निवडावीत, एकेक करत पूर्ण फेरा घ्यावा आणि पहिल्या लक्ष्यावर परत यावे. पहिले वाचन आणि परतीचे वाचन यांत टी-२ सारख्या यंत्रावर दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक फरक दिसला, तर यंत्राला दोष देण्याआधी तिपाईचे पेच आवळून पाहावेत, कारण बऱ्याचदा वळते ती तिपाईच. पेच आवळूनही फरक तसाच राहिला तर चकतीची सुरुवात बदलून, म्हणजे पहिले लक्ष्य ० ऐवजी ४५, ९० आणि १३५ अंशांच्या आसपास ठेवून, तोच फेरा पुन्हा घ्यावा आणि प्रत्येक वाचन, आवडलेले व न आवडलेले, वहीत शाईने लिहावे.